ऑफिसातला शेअर्ड प्रिंटर: विंडोजच्या या सोयीवर किती विसंबावं?

एका टेबलावर यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर आणि आजूबाजूचे तीन-चार पीसी त्यावरच छापणारे, ही मांडणी लहान ऑफिसांत सर्रास दिसते. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. प्रिंटर शेअरिंग विंडोजमध्ये आधीपासून असतं, होम आवृत्तीतसुद्धा. नीट चालत असेल तर ते आहे याची आठवणही कुणाला होत नाही. बिघडलं की मात्र जाणत्या माणसाचाही अर्धा दिवस खातं, कारण विंडोज जो संदेश दाखवतं तो बऱ्याचदा भलत्याच जागी शोधायला पाठवतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. प्रिंटरला फक्त यूएसबी असेल, पीसी चार-पाच असतील आणि मेन पीसी (ज्याला प्रिंटर केबलने जोडलाय तो) दिवसभर चालू राहत असेल, तर ही सोय चांगली आहे आणि एकदा नीट बसवली की वर्षानुवर्षं चालते. प्रिंटरला लॅनचं सॉकेट किंवा वाय-फाय असेल, तर शेअरिंगच्या वाटेला जाऊच नका. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

दुसऱ्या पीसीवरून कागद निघायचा तर तीन गोष्टी जमून याव्या लागतात. मेन पीसी नेटवर्कवर सापडला पाहिजे, त्याने समोरच्याची ओळख पटवून आत घेतलं पाहिजे आणि दोन्हीकडचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) जुळला पाहिजे. ‘विंडोज कॅनॉट कनेक्ट टू द प्रिंटर’ हा संदेश या तिन्हींपैकी कशासाठीही येतो. म्हणून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायच्या आधी एक चाचणी करा, तिला अर्धं मिनिटही लागत नाही. छापायला अडलेल्या पीसीवर विंडोजचं बटण आणि आर दाबा. रनच्या चौकटीत दोन उलटे तिरके दांडे (\\) आणि मेन पीसीचं नाव टाइप करून एंटर मारा.

खिडकी उघडून त्यात प्रिंटरचं चिन्ह दिसलं, तर नेटवर्क आणि ओळख दोन्ही ठीक आहेत, गडबड ड्रायव्हर किंवा अपडेटमध्ये आहे. युजरनेम-पासवर्ड विचारला आणि काहीही टाकलं तरी नाकारला, तर ओळखीचा प्रश्न आहे. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ आलं, तर मेन पीसीपर्यंत पोचताच येत नाहीये. मग नावाऐवजी मेन पीसीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून बघा. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर फक्त नाव ओळखण्यात अडचण आहे.

मेन पीसी सापडतच नाही

सगळ्यात आधी नेटवर्क प्रोफाइल बघा. नवीन राउटर लावला, वाय-फायचं नाव बदललं किंवा केबल दुसऱ्या कार्डात घातली की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि बहुतेक वेळा ‘पब्लिक’ ठरवतं. पब्लिकमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि शेअरिंग बंद असतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट किंवा वाय-फायचे गुणधर्म उघडून प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. हे दोन्ही पीसींवर करायचं, निदान मेन पीसीवर तरी नक्की.

पत्त्याने सापडतं पण नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, ही तक्रार वेगळी. जुनी यादी ज्या एसएमबी १ वर (नेटवर्कवर फाइल-प्रिंटर शेअर करण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) चालायची, ते २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये येतच नाही. आता यादीसाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या दोन सर्व्हिस लागतात. सर्व्हिसेसमध्ये जाऊन दुसरी ऑटोमॅटिक करा. केवळ यादीत नाव दिसावं म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजून फिरतो, तो मानू नका. त्यातली सुरक्षेची भोकं जगजाहीर आहेत. शिवाय छपाईसाठी यादीची गरज नसते, पूर्ण पत्ता टाइप केला की काम होतं.

पत्त्यानेही सापडत नसेल, तर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड मेन पीसीच्या पत्त्यावर, पोर्ट ४४५ (शेअरिंग ज्या क्रमांकाच्या दारातून चालतं ते) देऊन चालवा. उत्तरात टीसीपी टेस्ट ‘ट्रू’ आली तर वाट मोकळी. ‘फॉल्स’ आली तर फायरवॉल तपासा. अँटिव्हायरसच्या पॅकेजसोबत आलेली फायरवॉल विंडोजच्या परवानग्या जुमानत नाही, तिच्यात घरचं किंवा ऑफिसचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ करावं लागतं. एक पीसी केबलवर आणि दुसरा पाहुण्यांच्या वाय-फायवर असेल तर ते एकमेकांना दिसणारच नाहीत. गेस्ट वाय-फाय त्यासाठीच बनवलेलं असतं.

पासवर्ड विचारतो आणि नाकारतो

आमच्या मते सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो, आणि मूळ कारणं दोनच आहेत.

पहिलं, मेन पीसीच्या खात्याला पासवर्डच नाही. बिनपासवर्डाचं खातं फक्त त्याच पीसीसमोर बसून वापरायचं, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. त्यामुळे पासवर्डची चौकट रिकामी ठेवून ओके दाबलं की नकार ठरलेला. दुसरं, माणूस पिन टाकतो. रोज सकाळी पीसी उघडताना टाकतो तो चार-सहा आकडी पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो वर्षभरात कधी टाकलेलाच नसल्यामुळे कुणाला आठवत नाही.

यावर उपाय म्हणून ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करणं आणि गेस्ट खातं उघडणं ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. ती आता टिकत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो पीसी पाहुणा म्हणून दुसऱ्या यंत्रात शिरत नाही आणि एसएमबीवर सही (समोरचा खरा असल्याची डिजिटल खूण) मागतो. गेस्टच्या जोडणीत सही होऊच शकत नाही. काल चालणारा प्रिंटर नव्या आवृत्तीवर गेल्यावर आज बंद पडला, याचं हे एक नेहमीचं कारण.

त्यापेक्षा मेन पीसीवर छपाईसाठी एक वेगळं लोकल खातं उघडा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. तिथे ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि पुढे ‘अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडा. नाव ठेवा ‘छपाई’ (रोमन अक्षरांत), पासवर्ड द्या, खातं ‘स्टँडर्ड’च राहू द्या, अ‍ॅडमिन करू नका. खातं नेट युजर कमांडने बनवलं असेल तर मूळ नियमाप्रमाणे त्याचा पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो आणि दीड महिन्याने सगळ्यांची छपाई एकाच सकाळी थांबते. प्रो आवृत्तीत लोकल युजर्स अँड ग्रुप्समध्ये ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’वर खूण करून ठेवा.

आता बाकीच्या प्रत्येक पीसीवर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ निवडा, ‘अ‍ॅड अ विंडोज क्रेडेन्शियल’ दाबा. पहिल्या चौकटीत मेन पीसीचं नाव. दुसरीत युजरनेम, पण नुसतं ‘छपाई’ नको: आधी मेन पीसीचं नाव, मग एक उलटा दांडा, मग छपाई. नुसतं नाव दिलं तर विंडोज कधी कधी ते खातं आपल्याच पीसीवर शोधतं. तिसरीत पासवर्ड. तिथे मेन पीसीच्या नावाची आधीची नोंद असेल तर ती काढून टाका, जुना पासवर्ड जपून बसलेली नोंद नवीनला पुढे येऊ देत नाही. आणि ज्या नावाने नोंद केली त्याच नावाने प्रिंटर जोडा. नोंद नावाची आणि जोडणी आयपीने, असं केलं तर विंडोजला ती दोन वेगळी यंत्रं वाटतात.

११बी, ७०९ आणि ड्रायव्हरचा घोळ

२०२१ हे वर्ष या सोयीसाठी वाईट गेलं. प्रिंट स्पूलर या छपाईची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिसमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी त्या उन्हाळ्यात उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टने एकापाठोपाठ एक दारं बंद केली. ऑगस्टच्या अपडेटपासून शेअर्ड प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले. साध्या खात्यावर काम करणाऱ्याला ‘इन्स्टॉल ड्रायव्हर’ असं ढालीचं चिन्ह दिसतं आणि गाडी तिथेच थांबते, ती यामुळे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड घालून एकदा ड्रायव्हर बसवला की पुढे रोज विचारत नाही.

सप्टेंबरच्या अपडेटने ०एक्स०००००११बी हा एरर घराघरांत पोचवला. मेन पीसी आणि समोरचा पीसी यांच्यातलं छपाईचं बोलणं कूटबद्ध असलंच पाहिजे अशी सक्ती तेव्हा झाली, आणि ज्याच्यावर जुने अपडेट आहेत तो या बोलण्यात मागे पडला. योग्य उपाय म्हणजे दोन्ही पीसी पूर्ण अपडेट करणं. एकच केला तर एरर तसाच राहू शकतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) ‘आरपीसी ऑथएन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ ही किंमत मेन पीसीवर शून्य करण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते आणि ती लागूही पडते, पण तिने ती सक्तीच उठते, म्हणजे अपडेटने बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. जुन्या यंत्राला अपडेट मिळतच नसेल तर याहून बरा मार्ग खाली आहे.

०एक्स०००००७०९ चा संदेश प्रिंटरचं नाव पुन्हा तपासा असं सांगतो. नाव बरोबर असतं. विंडोज ११ च्या २२एच२ पासून छपाईचं बोलणं (त्याला आरपीसी म्हणतात) पूर्वीच्या नेम्ड पाइप या वाटेऐवजी टीसीपी या वाटेवरून होतं. नेम्ड पाइपला ४४५ हे एकच पोर्ट पुरायचं. टीसीपीला १३५ आणि त्यासोबत ४९१५२ ते ६५५३५ मधलं कुठलं तरी पोर्ट लागतं. एक पीसी जुना आणि एक नवा असेल, किंवा मधल्या फायरवॉलने वरची पोर्टं अडवली असतील, की ७०९ येतो, आणि ४४५ ची चाचणी ‘ट्रू’ आल्यामुळे माणूस बुचकळ्यात पडतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवण्याच्या जागी) कंप्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स इथे ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’ असं कलम आहे. ते चालू करून छापणाऱ्या पीसीवर ‘आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स’ निवडा. मेन पीसी नवा असेल तर त्याच जागी ‘लिसनर सेटिंग्ज’मध्ये दोन्ही प्रकार मान्य करा आणि प्रिंट स्पूलर पुन्हा सुरू करा. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक नाही, तिथे खालचाच मार्ग धरा.

तो मार्ग म्हणजे लोकल पोर्ट. वरच्या सगळ्या रजिस्ट्रीच्या खटाटोपापेक्षा आम्हाला तो जास्त भरवशाचा वाटतो. आधी प्रिंटर कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर अडलेल्या पीसीवर उतरवून ठेवा. मेन पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या शेअरिंग टॅबमध्ये शेअरचं नाव लहान आणि बिनमोकळ्या जागेचं करा, उदाहरणार्थ लेझर१. मग अडलेल्या पीसीवर ‘अ‍ॅड डिव्हाइस’, ‘अ‍ॅड मॅन्युअली’, ‘अ‍ॅड अ लोकल प्रिंटर ऑर नेटवर्क प्रिंटर विथ मॅन्युअल सेटिंग्ज’, पुढे ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’ आणि प्रकार ‘लोकल पोर्ट’. पोर्टचं नाव विचारेल तिथे दोन उलटे दांडे, मेन पीसीचं नाव, एक उलटा दांडा, शेअरचं नाव असा पूर्ण पत्ता टाका. यादीतून ड्रायव्हर निवडा, चाचणीचं पान छापा. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ आलं तर क्रेडेन्शियलची पायरी राहिली आहे.

हे का चालतं? पीसीला तो स्वतःचाच प्रिंटर वाटतो. मेन पीसीकडून ड्रायव्हर मागणं नाही, छपाईच्या आरपीसीची घासाघीस नाही, तयार झालेलं पान फाइल पाठवावी तसं ४४५ वरून थेट पोचतं. शिवाय नेहमीच्या पद्धतीने जोडलेला शेअर्ड प्रिंटर फक्त त्या युजरपुरता असतो, दुसऱ्या युजरने लॉगिन केलं की गायब. लोकल पोर्टचा प्रिंटर त्या पीसीवरच्या सगळ्यांना दिसतो. बदल्यात एक गोष्ट गमवावी लागते: कागद संपला, झाकण उघडं आहे, अशी खबर या वाटेने परत येत नाही.

३२ बिटचा जुना विंडोज १० पीसी अजून वापरात असेल तर शेअरिंग टॅबमधलं ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून एक्स८६ वर खूण करा. आणि २४एच२ वर ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ कुणी हौसेने चालू केला असेल तर कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर निघूनच जातात. तो बंद करा.

सगळं जुळूनही कागद येत नाही

मेन पीसी झोपला असेल तर प्रिंटरही झोपलेला. पॉवर सेटिंगमध्ये केबलवर असताना ‘स्लीप’ कधीच नाही असं करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही.

टेबल पुसताना कुणी यूएसबी केबल काढून शेजारच्या खाचेत लावली, की काही प्रिंटर मॉडेल नवीन म्हणून नोंदले जातात आणि यादीत ‘कॉपी १’ असा जोडीदार उगवतो. मेन पीसीवरून छपाई त्या कॉपीवर व्यवस्थित होते. शेअर मात्र जुन्या नावावरच आहे, आणि जुनं नाव यूएसबी००१ पोर्टकडे बघत बसलंय, प्रिंटर यूएसबी००२ वर. बाहेरच्या सगळ्यांचे जॉब तिथे साचत राहतात. जुन्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब उघडा, बरोबर पोर्टवर खूण करा, कॉपी काढून टाका. बाकीच्या पीसींना हातही लावावा लागत नाही.

एखादा जॉब ‘डिलीटिंग’ म्हणत अडकून बसला तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. प्रत्येक जॉबच्या दोन फाइल दिसतील, एसपीएलमध्ये छपाईचा मजकूर आणि एसएचडीमध्ये त्याची माहिती. आतल्या फाइल पुसा, फोल्डर राहू द्या, स्पूलर सुरू करा. मेन पीसीवर हे करूनही अडलेलंच असेल तर ज्याने छापायला दिलं त्याच्या पीसीवरही करा. ‘रेंडर प्रिंट जॉब्स ऑन क्लायंट कंप्युटर्स’वर खूण असली की पान तिथेच तयार होतं आणि तिथेही अडकू शकतं.

पान भलत्याच आकारात येत असेल, ए४ ऐवजी लेटर, तर ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ बदलून फक्त तुमच्यापुरता फरक पडेल. सगळ्यांसाठी बदलायचं तर मेन पीसीवर प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’. आणि डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलतो ही तक्रार असेल तर ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असलं की शेवटी जिथे छापलं तोच डीफॉल्ट होतो.

या सोयीकडून काय मागू नये

स्कॅनर शेअर होत नाही. ऑल-इन-वन प्रिंटर शेअर केला तरी बाहेरच्यांना फक्त छपाई मिळते, स्कॅनिंगसाठी उठून मेन पीसीवर जावं लागतं. हे आधी माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण ड्रायव्हर बदलत बसतात. शाई किती उरली हेही बहुधा मेन पीसीवरच कळतं. आणि विंडोज १० व ११ च्या साध्या आवृत्त्यांना एका वेळी बाहेरच्या २० जोडण्यांची मर्यादा आहे, पण तिथवर जाण्याच्या खूप आधीच मेन पीसीवर बसणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. त्याने एकदा रीस्टार्ट केलं की सगळ्या ऑफिसची छपाई थांबते.

म्हणून प्रिंटरला नेटवर्क असेल तर प्रत्येक पीसीवरून थेट जोडा. आधी प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापा, त्यावर मॅक पत्ता (प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) असतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी पत्ते वाटणाऱ्या भागात) त्या मॅकसाठी एक आयपी राखून ठेवा. ही पायरी गाळली तर वीज गेल्यानंतर पत्ता बदलतो आणि सगळे पीसी रिकाम्या जागी कागद पाठवत बसतात. मग ‘अ‍ॅड अ प्रिंटर युझिंग आयपी अ‍ॅड्रेस’ निवडून प्रकार टीसीपी/आयपी डिव्हाइस द्या. विंडोजने आपणहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधून जोडण्याची पद्धत) पोर्ट बनवलं असेल तर ते सोडून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट घ्या, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. डब्ल्यूएसडी प्रिंटरला शोधत राहतं आणि सापडला नाही की ऑफलाइन दाखवतं.

इतकं करूनही प्रिंटर ऑफलाइन दिसतो, पण त्याच्या पत्त्यावर पिंग केलं तर उत्तर येतं, असं झालं तर पोर्ट्स टॅबमध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढा. प्रिंटरने एसएनएमपीला (त्याची स्थिती विचारणाऱ्या नेटवर्कवरच्या प्रश्नाला) उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला बंद समजतं, तो समोर चालू उभा असला तरी. खूण काढून ओके केलं की बहुतेक वेळा अडकलेले जॉब आपणहून निघायला लागतात. सगळे पीसी थेट जोडून झाले की मेन पीसीवरचं शेअरिंग बंद करा आणि बाकीच्या पीसींवरची जुनी शेअर्ड नोंद काढून टाका. नाहीतर एक्सेल किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर जुनं नाव लक्षात ठेवून तिकडेच पान पाठवतं.